पोटावरची पिशवी आणि कांडोळाचा डिंक

ज्या आजाराविषयी हा लेख आहे, त्याचं नाव वैद्यकाच्या पुस्तकात शिरलं ते एका खून खटल्याच्या वाटेनं.

१८५९ च्या मे महिन्यात लंडनजवळच्या रिचमंडमध्ये इझाबेला बँक्स नावाची एक सुखवस्तू बाई वारली. कित्येक आठवडे तिला उलट्या आणि जुलाब होत होते. थॉमस स्मेथर्स्ट हा डॉक्टर तिचा नवरा म्हणून तिच्याबरोबर राहत होता. मात्र त्याची पहिली बायको हयात होती, म्हणजे हे लग्न कायद्यानं लग्नच नव्हतं. त्यात मरणाच्या तोंडावर इझाबेलानं मृत्युपत्र करून आपली संपत्ती त्याच्या नावे केलेली. संशय यायला आणखी काय हवं? आल्फ्रेड स्वेन टेलर हे त्या काळचे विषशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. त्यांना एका बाटलीत सोमल सापडला, आणि पुढे त्यांनाच कबूल करावं लागलं, की तो सोमल बाटलीतला नव्हता, तपासणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतून आला होता. तरीही ओल्ड बेलीच्या न्यायालयानं स्मेथर्स्टला फाशी सुनावली. गृहमंत्र्यांनी प्रकरण बेंजामिन ब्रॉडी या ज्येष्ठ शल्यविशारदाकडे पाठवलं, त्यांनी पुरावा अपुरा ठरवला आणि स्मेथर्स्ट सुटला. दुसऱ्या लग्नाबद्दल मात्र त्याला वर्षभर तुरुंगात काढावं लागलं.

याच खटल्याच्या निमित्तानं गाइज हॉस्पिटलचे सॅम्युएल विल्क्स यांनी इझाबेलाच्या आतड्यांचं वर्णन एका वैद्यकीय साप्ताहिकाला पत्ररूपानं कळवलं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर सर्वत्र व्रण होते आणि ते विषाचे नव्हते. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ ही संज्ञा रूढ झाली ती इथून. गंमत अशी, की आजच्या अनेक जाणकारांच्या मते इझाबेलाला हा आजार नसावा. लहान आतड्याच्या टोकालाही सूज होती, त्यामुळे तो क्रोनचा आजार असावा. म्हणजे नाव मिळालं, पण ते बहुधा चुकीच्या रुग्णावरून.

आपल्याकडे या दुखण्याला स्वतंत्र नाव नव्हतं. रक्त पडतं, शेम पडते, पोटात मुरडा येतो, दिवसातून दहा-पंधरा वेळा धावावं लागतं. याला घराघरांत ‘आव’ म्हणत आणि रक्त असेल तर ‘रक्ती आव’. अमीबाच्या आमांशानं गांजलेल्या देशात ते स्वाभाविकच होतं. कुड्याच्या सालीचा काढा, बेलफळाचा मुरंबा, ताक-भात आणि पुढच्या काळात आमांशाच्या गोळ्या, असा क्रम चाले. पण आमांश जंतूंमुळे होतो आणि औषधानं जातो. कोलायटिसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उठलेली असते. तो शमतो, पुन्हा उसळतो. वर्षानुवर्षं आमांशाची औषधं घेत खंगलेली माणसं त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ असणार. त्यांची गणना कोणी केलेली नाही.

विलायतेतलं चित्रही काही फार उजळ नव्हतं. १९०९ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या आजारावर चर्चा झाली. शहरातल्या सात रुग्णालयांनी आपापल्या नोंदी मांडल्या. तीनशेहून जास्त रुग्ण, आणि त्यांतले निम्म्याच्या जवळपास दगावलेले. स्वीडनच्या नाना श्वार्ट्स या डॉक्टरबाईंनी सल्फासलाझिनचे अनुभव प्रसिद्ध केले ते १९४२ साली. कॉर्टिझोन तीव्र झटक्यात जीव वाचवतं हे ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी दाखवलं ते १९५५ साली. तोवर औषधांच्या बाजूनं हात रिकामेच होते असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून सुरीकडे वळायचं. तर्क सरळ होता. रोग फक्त मोठ्या आतड्यात आहे ना? मग त्याला विश्रांती द्या, किंवा ते काढूनच टाका. लहान आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणा. मल तिथूनच बाहेर पडेल. अमेरिकेत सेंट लुइसच्या जॉन यंग ब्राऊन यांनी १९१३ साली या शस्त्रक्रियेचा अनुभव मांडला. तिला इलिऑस्टॉमी म्हणतात आणि पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा. मोठं आतडं नसेल तरी माणूस जगू शकतो. अन्नाचं पचन आणि शोषण बहुतांश लहान आतड्यातच होतं. मोठ्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ परत ओढून घेणं.

तर माणूस जगला. पण तो घराबाहेर पडू शकला का?

माझं वैद्यकाचं रीतसर शिक्षण नाही. जुनी वैद्यकीय नियतकालिकं वाचण्याचा नाद आहे एवढंच. त्या नियतकालिकांत शस्त्रक्रियेचा मृत्युदर मिळतो, टाके कोणते घातले ते मिळतं, पण रुग्ण घरी गेल्यावर त्याचं काय झालं याविषयी चाळीसच्या दशकापर्यंत फार थोडं वाचायला मिळतं. जे मिळतं ते अस्वस्थ करणारं आहे. लहान आतड्यातून येणारा द्राव पातळ असतो, तो दिवसरात्र येत राहतो, त्यावर इच्छेचा ताबा नसतो. शिवाय त्यात पाचक रस असतात. मांस पचवणारे रस उघड्या कातडीवर सांडले तर ते कातडीही पचवू लागतात. स्टोमाभोवतीची त्वचा भाजल्यासारखी लाल होई, सोलवटे, रक्ताळे. कापसाचे थर, फडकी, पट्ट्यानं बांधलेल्या वाट्या अशा कशाकशाच्या आधारानं लोक दिवस काढीत. वास लपत नसे. पुष्कळ जण अंथरुणाला खिळून राहत. रोगामुळे नव्हे, तर फडकी सतत बदलावी लागत म्हणून. शल्यविशारदही म्हणूनच ही शस्त्रक्रिया अगदी शेवटच्या घटकेला करीत आणि शेवटच्या घटकेला केल्यामुळे रुग्ण दगावत. शस्त्रक्रिया वाईट आहे ही समजूत त्यातून आणखी पक्की होई.

हे चक्र प्रथम मोडलं ते एका रुग्णानं. शिकागोचे शल्यविशारद आल्फ्रेड श्ट्राउस यांच्याकडे कोनिग नावाचा रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी होता. त्याच्यावर ही शस्त्रक्रिया झाली होती. त्यानं स्वतःसाठी रबराची पिशवी बनवली आणि ती लेटेक्सच्या चिकट द्रावणानं थेट कातडीला चिकटवली. तोवर पिशव्या बांधल्या जात, ही चिकटली. बांधलेली पिशवी हलते, तिच्या कडेतून द्राव झिरपतो. चिकटलेली पिशवी माणसाबरोबर वाकते, उठते, चालते. श्ट्राउस यांनी १९४४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली, रुटझेन यांनी ती बनवून विकायला सुरुवात केली आणि ती ‘कोनिग-रुटझेन पिशवी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जड होती, धुऊन वाळवून पुन्हा वापरायची होती, रबराला वास धरत असे. तरी तिच्यामुळे माणसं कामावर गेली. या विषयाचा इतिहास लिहिताना शल्यविशारदांच्या नावांची माळ ओवायची पद्धत आहे. मला त्या माळेत या विद्यार्थ्याचं नाव आधी घालावंसं वाटतं.

शल्यविशारदांचा वाटा नाकारण्याचं मात्र कारण नाही. त्यांतला सर्वांत मोठा वाटा कागदावर अगदी लहान दिसतो. बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रूक यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये इलिऑस्टॉमीच्या व्यवस्थेवर एक निबंध लिहिला. त्याआधी आतड्याचं टोक पोटातून बाहेर काढून तसंच ठेवीत. आतड्याची बाहेरची बाजू अशा उघड्या हवेसाठी आणि पाचक रसासाठी बनलेलीच नसते. ती सुजे, जाड होई, तोंड आकसे. आत तुंबारा होऊन रुग्णाच्या अंगातलं पाणी आणि मीठ भराभर निघून जाई. असं तोंड आपोआप ‘रुळायला’ कित्येक आठवडे लागत आणि त्या आठवड्यांत माणसं दगावत. ब्रूक यांनी केलं ते एवढंच: सदऱ्याची बाही दुमडावी तसं आतड्याचं टोक बाहेरच्या बाजूला उलटं दुमडलं आणि आतलं अस्तर कातडीला शिवून टाकलं. आता बाहेर दिसणारा पृष्ठभाग आतल्या अस्तराचा होता, आणि त्याला पाचक रसाची सवय जन्मापासूनची. इंचभर वर आलेलं हे तोंड चोचीसारखं. द्राव कातडीवर न पसरता थेट पिशवीत पडे. आजही जगभर हा स्टोमा असाच शिवला जातो आणि त्याला ब्रूक यांचंच नाव आहे.

त्याच १९५२ साली, अटलांटिकच्या पलीकडे क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये, आपल्या डोंगरातल्या एका झाडाचा या गोष्टीत प्रवेश झाला.

कांडोळ हे झाड सातपुड्यात, विदर्भाच्या रानांत, सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर फिरणाऱ्यांच्या ओळखीचं असतं. कुठे त्याला पांढरूख म्हणतात, कुठे कहांडळ. खडकाला धरून उभं राहतं. साल कागदासारखी पातळ, गुळगुळीत, पांढुरकी. उन्हाळ्यात सगळी पानं झडली, की चांदण्या रात्री ते एकदम भुतासारखं दिसतं. फळांवर टोचरी लव असते, तिच्यामुळे अंगाची आग होते; त्याच्या शास्त्रीय नावातला ‘युरेन्स’ हा शब्द त्या आगीचाच. सालीला खाच पाडली की डिंक पाझरतो, ओघळून सुकतो, आणि उन्हाळ्यात आदिवासी स्त्री-पुरुष तो गोळा करून विकतात. बाळंतिणीच्या लाडवात पडतो तो धावड्या-बाभळीचा डिंक वेगळा. तो पाण्यात विरघळतो. कांडोळाचा विरघळत नाही. तो पाणी पिऊन फुगतो, आपल्या आकारमानाच्या कैक पट, आणि त्याचा चिकट, लिबलिबीत गोळा होतो. बाजारात ‘गोंद कतिरा’ म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा हाच असतो.

परदेशी व्यापारात याचं नाव ‘कराया’. ट्रॅगाकांथ हा इराण-तुर्कस्तानकडचा महागडा डिंक; त्याला स्वस्त पर्याय म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून भारतातून कराया जाऊ लागला. कापड छपाईला, कागदाला, सारक औषधांना आणि दंतवैद्यांना. कवळी टाळूला चिकटून राहावी म्हणून तिच्यावर जी पूड भुरभुरतात तिच्यात कराया असे. कारण तोच गुण: ओल्या पृष्ठभागावर चिकटणं. साधा गोंद ओलं लागलं की सुटतो, हा ओलं लागलं की धरतो.

क्लीव्हलँड क्लिनिकचे रूपर्ट टर्नबुल यांच्या हे लक्षात आलं. तोंडात जो टिकतो तो पोटावरच्या ओल्या, सोललेल्या कातडीवर का टिकणार नाही? त्यांनी स्टोमाभोवती कराया पूड वापरायला सुरुवात केली. पुढे तिच्यापासून बनवलेली कडी आली. स्टोमाच्या भोवती बसवायची आणि तिच्यावर पिशवी. ती द्राव शोषून घेई, कातडीवर त्याचा थेट स्पर्श होऊ देत नसे, आणि तिच्याखाली जखम भरून येई. स्टोमाभोवतीच्या त्वचेला तोवर असं संरक्षण मिळालंच नव्हतं. पुढची जवळजवळ वीस वर्षं हाच डिंक जगभरच्या रुग्णालयांत होता.

मेळघाटात किंवा नंदुरबारकडे खाच पाडणाऱ्या बाईला आपल्या डिंकाचं पुढे काय होतं हे कळायचा मार्ग नव्हता आणि ओहायोतल्या रुग्णाला आपल्या पोटावरचा गोळा कुठल्या झाडाचा हेही. वनोपजांच्या आपल्या दप्तरांत करायाची नोंद डिंकाच्या प्रतवारीत येते: पांढरा उत्तम, तांबूस कनिष्ठ. वैद्यकाच्या इतिहासात त्याची नोंद टर्नबुल यांच्या नावावर आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, पण एकमेकींना भेटलेल्या नाहीत. डिंकाच्या हावेपायी खोलवर घाव घालून झाडं मारली गेली, ही गोष्टही पहिल्या दप्तरातच राहिली.

करायाच्या उणिवाही होत्या. सोललेल्या कातडीवर तो चुरचुरतो. आणि उष्णतेनं तो मऊ पडून वितळू लागतो. उन्हाळी देशातला डिंक उन्हाळी देशातल्याच माणसाला कमी उपयोगी पडावा, हा विनोद म्हणायचा तर बरा नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची जागा पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजपासून केलेल्या कृत्रिम चकतीनं घेतली. तीही मूळची तोंडातल्या व्रणांवर लावायच्या औषधातून आलेली. दोन्ही वेळा पोटाची अडचण सोडवली ती दातांच्या बाजूनं, हे मला मोठं मजेचं वाटतं.

टर्नबुल यांचं दुसरं काम डिंकाहून मोठं आहे. ओहायोतल्याच अ‍ॅक्रन गावच्या नॉर्मा गिल या त्यांच्या रुग्ण. कोलायटिसनं त्यांची दशा करून टाकली होती. आतडंच नव्हे, चेहऱ्यावर आणि पायांवरही व्रण उठले होते. १९५४ मध्ये त्यांची इलिऑस्टॉमी झाली. बऱ्या झाल्यावर त्या आपल्यासारख्या इतरांना भेटून पिशवी कशी लावायची, कातडी कशी जपायची हे सांगू लागल्या. टर्नबुल यांनी १९५८ मध्ये त्यांना क्लिनिकमध्ये रीतसर नोकरीवर घेतलं. त्या काळात रुग्णालयाच्या उतरंडीत परिचारिकाही नसलेल्या एका गृहिणीला शल्यविशारदाच्या बरोबरीनं रुग्णाच्या खाटेशी उभं करणं ही साधी गोष्ट नव्हती. ‘एन्टेरोस्टोमल थेरपिस्ट’ हे पद त्यांच्यापासून सुरू झालं. १९६१ पासून तिथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. सुरुवातीला शिकायला येणाऱ्यांत स्वतः स्टोमा असलेलेच पुष्कळ असत. १९७८ मध्ये या कामाची जागतिक परिषद मिलानमध्ये स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष गिलच होत्या. शस्त्रक्रियेआधी पोटावर स्टोमाची जागा खुणेनं ठरवणं हे या मंडळींनी रुजवलं. रुग्णाला उभं करायचं, बसवायचं, वाकवायचं. वळी कुठे पडते, कंबरपट्टा कुठे येतो, त्याला स्वतःला ती जागा दिसते का ते पाहायचं. टेबलावर उताण्या पडलेल्या माणसाच्या सपाट पोटावर जागा निवडली, की तो उठून बसल्यावर पिशवी सुटते. एवढं साधं शहाणपण शल्यविशारदांच्या पाठ्यपुस्तकात रुग्णांकडून आलं.

डेन्मार्कमध्येही अशीच एक गोष्ट घडली. एलिस सोरेन्सन या परिचारिकेची बहीण थोरा हिच्या पोटावर स्टोमा आला, आणि ती बाहेर जायचीच बंद झाली. १९५४ मध्ये एलिसला कल्पना सुचली: पातळ प्लास्टिकची, चिकटणारी, एकदा वापरून फेकून द्यायची पिशवी. ओगे लुई-हान्सेन या प्लास्टिक कारखानदारानं आधी नकार दिला; त्यांची पत्नी योहान्न स्वतः परिचारिका होती, तिनं गळ घातल्यावर ते तयार झाले. १९५७ मध्ये त्यातून कोलोप्लास्ट कंपनी उभी राहिली. आज ती या क्षेत्रातली जगातली एक मोठी कंपनी आहे.

रुग्णांनी एकमेकांना गाठलं तेही याच काळात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात शस्त्रक्रियेचे दोन वॉर्ड होते, ‘क्यू’ आणि ‘टी’. तिथून बरे होऊन गेलेल्यांनी १९५१ मध्ये मंडळ काढलं, त्याचं नाव ‘क्यू-टी’. कपडे घालून, चालत, हसत आलेला एक माणूस खाटेशी येऊन बसतो आणि म्हणतो, “माझ्याही पोटावर पिशवी आहे, कुठे आहे ओळखा.” डॉक्टरांच्या शंभर आश्वासनांनी होत नाही ते यानं होतं. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये इलिऑस्टॉमी असोसिएशन निघाली, तिला ब्रूक यांचा आधार होता. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया सत्तरच्या दशकापासून हे काम करते. आपल्याकडे स्टोमा होणाऱ्यांत कर्करोगाचे रुग्ण फार, त्यामुळे टाटा रुग्णालयाच्या आसपासच हे काम वाढलं हे ओघानंच आलं.

पिशवीच नको, अशीही एक शाखा आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या निल्स कॉक यांनी १९६९ मध्ये पोटाच्या आतच लहान आतड्याची थैली शिवली आणि पुढे तिला आतड्याचीच झडप बसवली. नळी घालून ती दिवसातून काही वेळा रिकामी करायची. झडप सरकण्याचा त्रास फार. लंडनच्या सेंट मार्क्सचे अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकल्स यांनी १९७८ मध्ये त्याहून पुढे जाऊन थैली गुदद्वारालाच जोडली. जपानच्या उत्सुनोमिया यांनी १९८० मध्ये तिचा आकार इंग्रजी ‘जे’सारखा सोपा केला, आणि तीच पद्धत रूढ झाली. तिच्यातही दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागतं, काहींची थैली सुजते, काही स्त्रियांना गर्भधारणेला अडचण येते. तरी आज पर्याय असेल तिथे बहुतेक तरुण रुग्ण हीच निवडतात. पिशवी ठेवणाऱ्यांना मात्र कोणी भेकड समजू नये. जिथे शौचालय कामाच्या ठिकाणापासून लांब असतं, तिथे पाच-सहा वेळा जाण्यापेक्षा पिशवी कधी कधी जास्त मोकळीक देते.

मोकळीक म्हणजे काय, याची उदाहरणं खेळाडूंमध्ये सहज सापडतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये सॅन डिएगो चार्जर्स संघाचा किकर रॉल्फ बेनिर्श्के १९७९ च्या हंगामात संघाबरोबरच्या विमानप्रवासात कोसळला. कोलायटिस. थोड्याच दिवसांच्या अंतरानं दोन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, आतडं गेलं, पोटावर पिशवी आली, वजन भयंकर उतरलं. त्याच नोव्हेंबरमध्ये संघानं त्याला एका सामन्यासाठी मानाचा कर्णधार केलं. लुई केल्चर हा धिप्पाड खेळाडू त्याचा हात धरून त्याला मैदानाच्या मध्यापर्यंत घेऊन गेला. १९८० मध्ये तो पिशवीसह पुन्हा खेळू लागला. जानेवारी १९८२ मध्ये मायामीविरुद्धच्या सामन्यात जादा वेळेत त्यानं एक सोपी किक चुकवली आणि नंतरच्या किकवर ४१-३८ असा सामना जिंकून दिला. त्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण दुसऱ्या किकबद्दल लिहितात. मला पहिली महत्त्वाची वाटते. सोपी किक चुकवल्यावर तो फक्त किक चुकवलेला खेळाडू होता. कोणी त्याला रुग्ण म्हणून माफ करणार नव्हतं.

किकरला धक्के कमी बसतात, हे खरं. म्हणून मँचेस्टर युनायटेडचा डॅरेन फ्लेचर पाहावा. मधल्या फळीतला, नव्वद मिनिटं धावणारा. त्यानं वर्षानुवर्षं आजार लपवला. त्याच्या गैरहजेरीचं कारण म्हणून क्लबनंही विषाणूचा त्रास असल्याचंच सांगितलं. डिसेंबर २०११ मध्ये कोलायटिस हे नाव जाहीर झालं. जानेवारी २०१३ मध्ये मोठी शस्त्रक्रिया, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो मैदानात परतला. पुढे वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा कर्णधार झाला. आपण लपवत होतो तेव्हाचे दिवस शस्त्रक्रियेहून कठीण होते, अशा आशयाचं तो नंतर बोलला आहे.

आपल्याकडे प्रश्न मैदानाचा नसतो. उकिडवं बसून भांडी घासणं, मांडी घालून पंगतीत जेवणं, शेतात वाकून खुरपणं, लोकलच्या गर्दीत पोटाला कोपर लागणं, नऊवारीची गाठ किंवा धोतराचा कासोटा, देवघरात पिशवी चालते का हा न विचारलेला प्रश्न. स्टोमाची जागा ठरवताना रुग्णाला खुर्चीवर बसवून पाहतात. जो आयुष्यभर जमिनीवर बसणार आहे त्याला जमिनीवरच बसवून पाहायला हवं, कारण पोटाच्या वळ्या तिथे वेगळ्या पडतात. शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन महिने जड उचलू नका असं सांगतात, नाही तर स्टोमाच्या बाजूनं आतडं बाहेर येऊ लागतं. हंडा, सिलिंडर आणि कडेवरचं मूल हे त्या यादीत नाव घेऊन सांगावं लागतं. ‘जड’ या शब्दात बायका त्यांना धरत नाहीत.

मग मीठ. मोठं आतडं नसलेल्या माणसाच्या शरीरातून मीठ आणि पाणी सतत जातं. रुळलेल्या स्टोमातूनही दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर द्राव येतो. इंग्लंडच्या गारव्यात हे भागून जातं. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात घामाची भर पडते, आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर उलट द्राव वाढून माणूस अधिकच सुकतो. मिठाची पेज, मीठ घातलेलं ताक, जलसंजीवनीची पुडी, यांचं काम इथे औषधाचं आहे. ओलं खोबरं, मक्याचं कणीस, शेंगदाणे यांचे न चावलेले तुकडे अरुंद तोंडाशी अडकतात, म्हणून सावकाश चावून खायचं.

आणि पिशवीची किंमत. एलिस सोरेन्सनची कल्पना फेकून देण्याची होती. आपल्याकडे ती पिशवी धुतली जाते, वाळवली जाते, आणखी दोन-चार दिवस ओढली जाते. चकतीची कड उचलली की वरून चिकटपट्टी मारली जाते आणि त्या पट्टीखाली कातडी पुन्हा सोलवटू लागते. महिन्याचा हा खर्च आयुष्यभराचा असतो, आणि शस्त्रक्रियेचा खर्च जमवताना त्याचा हिशोब बहुधा कोणी मांडलेला नसतो. म्हणून काही जण पिशवी वाचवण्यासाठी जेवण कमी करतात, लग्नाकार्याच्या दिवशी तर सकाळपासून काहीच खात नाहीत. स्टोमा थेरपिस्ट जिल्ह्याच्या गावी क्वचित भेटतो. बहुतेकांना पहिली पिशवी लावून दाखवते ती रुग्णालयातली जी कोणी मोकळी असेल ती परिचारिका, आणि दुसरी लावायची असते घरी, आरसा समोर धरून, एकट्यानं.